डिजिटल फलकावरील शुभेच्छुकांशी मुलाचा संबंध नसल्याबाबत

प्रति,
मा. प्रधान न्यायदंडाधिकारी व सन्माननीय सदस्य,
बाल न्याय मंडळ,
कोल्हापूर.

अर्जदार : जोतीराम बापू चौगुले, वय ४४, धंदा डिजिटल फलक छपाई, मूळ राहणार मुरगूड, ता. कागल, हल्ली राहणार कोल्हापूर.

विषय : चि. सम्राट जोतीराम चौगुले (वय १६) याच्या वाढदिवसाच्या डिजिटल फलकावरील शुभेच्छुकांशी त्याचा संबंध नसल्याबाबत व त्याच्या जामिनाबाबत.

संदर्भ : जामीन नाकारल्याचा मंडळाचा दि. २७ जानेवारी २०२६ रोजीचा आदेश.

मंडळातील सर्व मान्यवरांस अर्जदाराचा नमस्कार.

१) अर्जदार हा वर नमूद मुलाचा बाप असून त्याने हा अर्ज स्वतःच्या हाताने, वकिलाला न दाखवता लिहिला आहे. वकीलसाहेबांनी एक मसुदा करून दिला होता. त्यात "गैरसमजातून घडलेला किरकोळ प्रकार" असे शब्द होते. पृथ्वीराज मगदूम या मुलाचा जबडा दोन ठिकाणी मोडला असून तो आज चौदा दिवस नळीने पेज आणि ताक पितो आहे. त्याला किरकोळ म्हणायला अर्जदाराची जीभ रेटली नाही, म्हणून तो मसुदा फाडून टाकण्यात आला.

२) घटना अशी की, दि. २१ जानेवारी रोजी मधल्या सुट्टीत, शाळेच्या पाण्याच्या टाकीजवळ, दहावीत शिकणाऱ्या सम्राटने आपल्याच वर्गातल्या पृथ्वीराजच्या तोंडावर स्टीलची पाण्याची बाटली मारली. एकदा नव्हे, तीनदा. पहिल्या फटक्यालाच पोरगं तोंड धरून खाली बसलं होतं. पुढचे दोन फटके बसलेल्या पोराला मारलेले आहेत. सम्राटच्या मित्रांनी ते सोडवायचे टाकून मोबाइलवर चित्रण केले आणि गावभर पाठवले. अर्जदारालाही ते चौघांकडून आले. खाली लोकांनी आगीची आणि वाघाची चित्रे टाकलेली होती. अर्जदाराने ते एकदाच पाहिले आणि चौघांचेही संदेश पुसून टाकले. पोटच्या पोराची शिसारी यावी, अशी वेळ वैऱ्यावरही येऊ नये.

३) मंडळाने जामीन नाकारताना असे नमूद केले आहे की, मुलगा सुटल्यास सराईत गुन्हेगारांच्या संगतीत जाण्याची शक्यता आहे. त्याला आधार म्हणून सम्राटच्या वाढदिवसाला, दि. १८ जानेवारी रोजी, गल्लीच्या तोंडाला लावलेल्या बारा बाय आठ फुटी फलकाचे छायाचित्र तपासी अधिकाऱ्यांनी सादर केले. फलकावर मधोमध सम्राट, डोक्यावर "नडेल त्याला तोडेल" ही ओळ आणि खाली हात जोडलेले अकरा शुभेच्छुक आहेत. त्यांतला डावीकडून चौथा म्हणजे ज्ञानू ऊर्फ ज्ञानदेव, जो मारामाऱ्यांच्या गुन्ह्यांखाली जिल्ह्यातून हद्दपार आहे. साहेबांनी त्यावरून जो अर्थ काढला तो कोणीही काढला असता. त्यांची काही चूक नाही. चूक फलक छापणाऱ्याची असून, तो छापणारा म्हणजे सदर अर्जदार.

४) मंडळाला या धंद्याची रीत माहीत असण्याचे कारण नाही, म्हणून सांगणे भाग आहे. फलकाची खालची ओळ भरली नाही, तर फलक हलका दिसतो. गिऱ्हाईक बघते आणि म्हणते, "चौगुले, माणसं कमी दिसत्यात की! टाका की आनी चार-पाच डोकी." मग दुकानदार जुन्या फलकांतली डोकी उचलून नव्यात बसवतो. अर्जदाराच्या संगणकात 'माणसं' या नावाखाली अकराशेच्या वर चेहरे साठवलेले आहेत. पांढरा शर्ट, काळा चष्मा, कानाला मोबाइल, सगळे तयार. ज्याचे डोके वापरले त्याला विचारायची पद्धत नाही, आणि आजवर एकही माणूस तक्रार घेऊन आला नाही. उलट कोडोलीच्या एका सद्गृहस्थांचा चेहरा अर्जदाराने दोन वर्षांत इतक्या फलकांवर चिकटवला, की ते दांडगा जनसंपर्क आहे म्हणून ग्रामपंचायतीला निवडून आले आणि दुकानात पेढे देऊन गेले. लाज वाटायला हवी होती ती त्याच दिवशी. अर्जदाराने पेढे खाल्ले.

५) सम्राटचे स्वतःचे असे शुभेच्छुक चारच होते. तीन वर्गमित्र आणि एक सख्खा मामा. दुसऱ्यांच्या पोरांचे फलक भरगच्च आणि फलकवाल्याच्या पोराचा ओकाबोका, हे बापाला बघवेना. म्हणून उरलेली सात डोकी अर्जदाराने त्या 'माणसं'मधून काढून बसवली. ज्ञानूला घेतले, कारण त्याचा शर्ट बाकीच्यांच्या शर्टाला जुळत होता. एवढेच कारण. हद्दपार माणूस जिल्ह्याबाहेर आणि त्याचे तोंड आमच्या गल्लीत! सम्राटने त्याला कधी पाहिलेले नव्हते. "नडेल त्याला तोडेल" ही ओळसुद्धा तयार साठ्यातली आहे. महिनाभर आधी तीच ओळ अर्जदाराने एका दीड वर्षाच्या बाळाच्या जावळाच्या फलकावर छापून दिली होती, आणि बाळाच्या आजीने कौतुकाने त्या ओळीचा फोटो काढून घेतला होता.

६) आता जे कोणाच्याच जबाबात आलेले नाही ते. पोलिसांच्या कागदात भांडणाचे कारण "शाब्दिक बाचाबाची" असे लिहिले आहे. ते अपुरे आहे. फलकावरचा डावीकडून सातवा शुभेच्छुक म्हणजे कै. आप्पासाहेब मगदूम, पृथ्वीराजचे आजोबा. ते डिसेंबरात वारले. त्यांच्या श्रद्धांजलीचा फलक अर्जदारानेच छापला होता, म्हणून त्यांचा चेहरा संगणकात होता. घाईत अर्जदाराने त्यांच्या गळ्यातला हार पुसला, खाली जोडलेले हात बसवले आणि देवाघरी गेलेल्या माणसाला सोळा वर्षांच्या पोराचा शुभेच्छुक करून गल्लीच्या तोंडाला टांगले. करताना ओळखलेसुद्धा नाही. चेहरे बघायची सवयच राहिलेली नाही, शर्ट तेवढे बघतो.

७) हे अर्जदाराला कळले ते इस्पितळात. पृथ्वीराजची आई अनुजा मगदूम यांच्या पाया पडायला अर्जदार गेला होता. पोराच्या जबड्याला तारा बांधलेल्या असल्याने त्याला बोलता येत नाही. त्याने वहीच्या पानावर लिहून ठेवले होते, ते त्या बाईंनी अर्जदारापुढे धरले. त्यात असे होते, की पृथ्वीराज सम्राटला म्हणाला, "आमच्या आज्याचा फोटू काढ रं त्यातनं. आई रोज तिथनं जाती." त्यावर सम्राटचे मित्र हसले आणि म्हणाले, "मेल्यालं म्हातारं पण आमच्या भावाचं फॅन हाय!" सम्राटही हसला. पृथ्वीराज म्हणाला, "तू न्हाय काढलंस तर संध्याकाळी मीच फाडतो." त्यानंतर बाटली. अर्जदाराने ते पान दोनदा वाचले. अनुजाताई रडल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. त्या एवढेच म्हणाल्या, "तुमच्या पोराचं मागनं बघू. आधी आमच्या मामंजींना खाली उतरवा." पोलिसांनी फलकाची फक्त छायाचित्रे नेली होती, फलक तिथेच होता. भांडण होऊन तीन दिवस झाले होते आणि अर्जदार रोज दोनदा त्याच्याखालून गेला होता. त्या संध्याकाळी त्याने शिडी लावून तो काढला. गल्लीतली चार पोरे खाली उभी राहून "काका, का काढताय? भारी दिसतंय की!" असे विचारत होती.

८) इथवर प्रकरण मिटले असते, तर अर्जदार फक्त चूक कबूल करून थांबला असता. परंतु दि. ३० जानेवारी रोजी दोन तरणी पोरे दुकानात आली आणि त्यांनी मोबाइल अर्जदाराच्या तोंडापुढे धरला. पडद्यावर ज्ञानू होता. हद्दपारीचा हुकूम काटेकोर पाळून तो निपाणीहून बोलत होता. म्हणाला, "पावणं, तुमच्या डिजिटलनं आमचं नाव झालं बघा! पोरगं वाघ हाय. आता ते आमचं हाय. सुटलं की उघड्या गाडीतनं आणायचं, डॉल्बी सांगून ठेवलाय. वीस बाय दहाचं डिजिटल छापून ठेवा." अर्जदाराने हात जोडून सांगितले, की मुलाचा आणि तुमचा काही संबंध नाही, तुमचा फोटो मीच चुकून टाकला. तो हसला. "चुकून कसं? अख्ख्या गावानं बघितलंय की. कोर्टानं बी लिवलंय म्हणं. आनी तुम्ही छापला न्हाईसा तर दुसरं दुकान न्हाय व्हय कोल्हापुरात?"

९) दुसरे दुकान आहे. दि. १ फेब्रुवारी रोजी सकाळी गल्लीच्या तोंडाला "वाघ येतोय" असा वीस बाय दहाचा फलक लागला. आता खालच्या ओळी तीन असून चाळीस डोकी आहेत. ज्ञानू मधोमध सम्राटच्या खांद्यावर हात टाकून उभा आहे. तो हात संगणकात जोडलेला आहे, हे अर्जदाराला धंद्यामुळे लगेच ओळखता आले, बाकीच्यांना ओळखता येणार नाही. दुसऱ्या ओळीत अर्जदार स्वतः हात जोडून उभा आहे, नावासह, "शुभेच्छुक" म्हणून. अर्जदाराला कोणीही विचारले नाही. रस्त्यात एका शिक्षकांनी नमस्कार केला आणि पलीकडच्या बाजूने निघून गेले. अर्जदाराला स्वतःच्या थोबाडाची किळस आली. असे कळवण्यास अत्यंत खेद होतो.

१०) त्याच दिवशी दुपारी अर्जदार निरीक्षणगृहात मुलाला भेटायला गेला. पोरगं रडेल, पृथ्वीराजची चौकशी करेल, निदान मान खाली घालेल असे वाटले होते. सम्राटने पहिले विचारले, "पप्पा, नवीन डिजिटल किती फुटी हाय? मी मधी हाय न्हवं?" आतल्या पोरांना बाहेरची बातमी कशी लागते देव जाणे. अर्जदाराचा हात उचलला गेला होता, तो तिथल्या पहाऱ्यावरच्या काकांनी धरला. मग अर्जदाराने त्याला सगळे सांगितले. ज्ञानूचा शर्ट, आप्पासाहेबांचा पुसलेला हार, सात डोकी कुठून आणली ते. सम्राटचा चेहरा उतरला. मग तो म्हणाला, "मला वाटलं तुम्ही सगळ्यांना इचारून लावलाय. मला वाटलं ही सगळी माणसं खरंच आपली हायत." त्यानंतर तो रडला. पृथ्वीराजसाठी की आपली न निघालेल्या त्या सात माणसांसाठी, ते अर्जदाराला सांगता येणार नाही.

११) सबब मंडळास विनंती अशी की,

अ) दि. १८ जानेवारी रोजी सम्राटचा ज्ञानूशी कोणताही संबंध नव्हता, हे नोंदीवर घ्यावे. आजच्या तारखेबाबत अर्जदार असे शपथेवर सांगू शकत नाही.

ब) पृथ्वीराजच्या जबड्याबद्दल सम्राटवर कायद्याने जे व्हायचे ते पुरते व्हावे. त्यात वय, परीक्षा किंवा अर्जदाराची चूक म्हणून सूट देऊ नये. तीन फटके त्याने स्वतःच्या हाताने मारले आहेत.

क) दहावीची परीक्षा याच महिन्यात आहे, म्हणून त्याला जामीन मिळावा. परंतु सुटण्याची तारीख व वेळ कोणासही, अर्जदारासही, आधी कळवू नये. डॉल्बी तयार आहे.

ड) जामिनाच्या बंधपत्राचा छापील नमुना अर्जदाराला कार्यालयातून मिळाला. त्यात "मुलाच्या चांगल्या वर्तणुकीची व संगतीची हमी पालक या नात्याने घेतो" असे वाक्य असून खाली सहीला जागा आहे. अर्जदाराने काल संध्याकाळपासून त्यावर तीनदा पेन टेकवला. आयुष्यभर दुसऱ्याचे नाव आणि तोंड न विचारता कुठेही लावले, पण ही सही होईना. कुरुंदवाडला अर्जदाराची थोरली बहीण संयोगिता राहते. तिच्या घरी दोन म्हशी आहेत, बोलायला ती फटकळ आहे, आणि चित्रण पाहून तिने सम्राटला नव्हे, अर्जदाराला दोन दिवस शिव्या घातल्या. ती हमी द्यायला तयार आहे आणि परीक्षेला रोज एसटीने घेऊन येईन म्हणाली आहे. मुलगा तिच्या ताब्यात द्यावा.

अर्जदार मागायला आला, तरी अर्जदाराच्या ताब्यात देऊ नये.

मंडळाच्या हुकमाची वाट बघत,

(सही)
जोतीराम बापू चौगुले
कोल्हापूर, दि. ३ फेब्रुवारी २०२६

सोबत :
१. दि. १८ जानेवारीच्या फलकाची मूळ छपाई-प्रत, अकराही शुभेच्छुकांची खरी नावे व त्यांतले सात चेहरे कोणत्या जुन्या फलकांवरून घेतले त्याची नोंद.
२. संयोगिता यांचे संमतीपत्र, अंगठ्यासह. सही येते, पण अंगठा पक्का असतो असे तिचे म्हणणे आहे.
३. बंधपत्राचा छापील नमुना, कोरा.