न पाहिलेला चौथा अंक

बुध. ८ नोव्हेंबर २००६
सकाळी निखिलचा फोन. हिंजवडीची नोकरी सोडून त्या जुन्या नाटकावर सिनेमा केला, तोच हा मुलगा. परवा लागतोय. "सर, एक शब्द बदललेला नाही. चारही अंक जसेच्या तसे. आणि शेवट तर तुमच्या परीक्षणावरून बसवलाय. चौऱ्याहत्तरचं ते कात्रण फ्रेम करून ऑफिसात लावलंय." म्हटलं, छान. दुसरं काय म्हणणार.

पाठोपाठ पेपरातून मृणाल. पुढच्या रविवारच्या पुरवणीला सहाशे शब्द, त्याआधीच्या गुरुवारी चारपर्यंत. "काका, तुम्हीच हवेत. पहिला प्रयोग पाहिलेला माणूस आता कुठे मिळणार?"

तीन अंक पाहिलेला माणूस. हे बोललो नाही.

गुरु. ९
माझ्या कपाटातलं कात्रण काढून वाचलं. भाषा चांगली आहे. "शेवटचं स्वगत शरयूबाईंनी असं म्हटलं की" वगैरे वगैरे.

निदान इथे तरी लिहून ठेवावं. नाटक साडेनऊला सुरू व्हायचं, शहर आवृत्तीचं पान साडेअकराला बंद. तिसरा अंक संपला की मी सायकल काढायचो. आम्ही सगळेच तसं करायचो. चौथा अंक पुस्तकावरून आणि तालमीवरून लिहायचा. मुलाने सख्ख्या भावाला मारलेलं, आईने त्याच्याविरुद्ध साक्ष दिलेली; तो फाशी गेल्याचा निरोप येतो आणि आई बोलू लागते. छापील दीड पान. तालमीत बाईंना ते म्हणताना मी ऐकलं होतं. तेच लिहिलं.

पास दोन मिळायचे, सुमन शेवटपर्यंत बसायची. त्या दिवशी रिक्षाने घरी आली ती दारातच म्हणाली, "अहो, बाई बोलल्याच नाहीत." अख्खं स्वगत गाळलं. एक शब्द नाही. तोवर पान छपाईला गेलेलं. "मग उद्या दुरुस्ती छापा." म्हटलं, बघू. तिला आणखी काही सांगायचं होतं. मी दमलो होतो.

दुरुस्ती छापली नाही. दुसऱ्या प्रयोगापासून बाई स्वगत म्हणू लागल्या. ते इतकं गाजलं की लोक स्वगतासाठीच तिकीट काढायचे.

सुमन पुढेही येत राहिली. पण शेवटचा अंक कसा झाला विचारलं की एकच उत्तर. "उद्या पेपरात वाचेन ना." अगदी हसून म्हणायची. तीस वर्षं. दोन वर्षांपूर्वी ती गेली आणि तेही थांबलं.

शुक्र. १०
दुपारचा खेळ. खिडकीवरची मुलगी, "एकच का अंकल? मग कोपऱ्यातली देते."

सिनेमा चांगला आहे. निखिल प्रामाणिक मुलगा आहे. साक्षीचा प्रसंग नाटकापेक्षाही सरस. मध्यंतरानंतर मात्र माझं लक्ष घड्याळाकडे. जुनी सवय, तिसरा अंक संपला की पाय आपोआप उठायला बघतात. बसून राहिलो.

तालीम सोडली तर चौथा अंक आयुष्यात पहिल्यांदा पाहिला. निरोप येतो. कॅमेरा आईच्या चेहऱ्याजवळ जातो आणि ती बोलते, सगळं दीड पान. नटी उत्तम. एक वाक्य झालं, दोन झाली, आणि मला वाटायला लागलं की आता हिने गप्प बसावं. पुढच्या रांगेत गळ्यात ऑफिसची ओळखपत्रं अडकवलेल्या दोन मुली. एक दुसरीला म्हणाली, "असं झाल्यावर एवढं कोण बोलतं गं?"

मी सांगू शकलो असतो. कोणामुळे बोलते तेही.

ऋणनिर्देशात माझं नाव. सगळे निघून गेले तरी बसलो होतो. झाडूवाल्याने उठवलं.

शनि. ११
शरयूबाईंकडे गेलो. कर्वेनगर, तिसरा मजला. ऐंशी पार. गुडघ्यांमुळे थिएटरात जाणं होत नाही, निखिल सीडी आणून देणार आहे. "या या. चष्मा सापडत नाहीये, त्यामुळे तुम्ही तरुण दिसताय."

चहा झाला. विचारलं, पहिल्या प्रयोगाला स्वगत का गाळलंत?

"तुम्हाला आत्ता विचारावंसं वाटलं?" मग म्हणाल्या, "निरोप्या बोलून गेला आणि मला तोंड उघडायची लाज वाटली हो. दुसरं कारण नाही. सकाळी तुमचं वाचलं. म्हटलं, बाई बाई, काय हा टोमणा! न म्हटलेल्या स्वगताची दोन परिच्छेद स्तुती! वाकडा शब्द न वापरता भर पेपरात कान उपटले. निर्मात्यालाही तेच वाटलं. म्हणाला, उद्यापासून मुकाट्याने म्हणा. तुमच्याबद्दल आदरच वाढला माझा. असं बोलावं तर पुण्यातल्या माणसाने."

सांगून टाकलं. सायकल, पान, तालीम, सगळं.

खूप हसल्या. खोकला लागला, पाणी दिलं.

"म्हणजे टोमणा नव्हताच?"

"नव्हता."

"अहो, मग एवढे प्रयोग मी बोलले कशासाठी?"

पाण्याचा पेला आत ठेवून आलो. तर त्याच म्हणाल्या, "त्या रात्री कसं दिसलं, ते मला कुणी सांगितलंच नाही. आपलं आपल्याला दिसत नसतं. आणि सकाळनंतर जो तो स्वगताबद्दलच बोलायला लागला. तुमच्या मिसेस थांबल्या होत्या ना? काय म्हणाल्या त्या?"

"बाई बोलल्याच नाहीत, म्हणाली."

"आणि?"

आणि पुढचं मी ऐकलं नव्हतं.

रवि. १२
कॅलिफोर्नियाहून अनघाचा फोन, नेहमीच्या वेळेला. विचारलं, आई कधी त्या पहिल्या प्रयोगाबद्दल बोलली का तुझ्याशी? "आई नाटकांबद्दल बोलायचीच नाही, बाबा. मला वाटायचं तिला आवडत नाहीत." मग, "बत्तीस वर्षांपूर्वीचा रिव्ह्यू ना? सोड की आता. जेवलास का?"

जेवलो म्हटलं. पोळीवालीला दोनच करायला सांगतो, ती तीन करते.

मंगळ. १४
सुमनची पत्रं, डायऱ्या पाहिल्या. डायऱ्यांत दूध, गॅस, अनघाच्या परीक्षा. त्या तारखेला: "नाटक. उशीर." बस.

तिने ठेवलेल्या कात्रणांच्या फाइलीत माझी सगळी परीक्षणं आहेत. ते एक नाही.

गुरु. १६
सकाळी लिहायला बसलो, बारापर्यंत झालं. पाचशे शब्द सिनेमावर. शेवटी शंभर: त्या रात्री चौथ्या अंकाला मी थिएटरात नव्हतो, मी छापलेलं घडलंच नव्हतं, बाई बोलल्या नव्हत्या. पहिला प्रयोग शेवटपर्यंत पाहिलेलं कुणी असेल तर काय पाहिलं ते लिहून कळवावं. शरयूबाईंना हवं आहे.

मलाही, हे लिहिलं आणि खोडलं. मग पुन्हा लिहिलं.

दोन वाजता मृणाल. "काका, खाली जाहिरात आलीये. शंभर शब्द उडवावे लागतील. शेवटचा पॅरा काढते ना? तसाही तो सिनेमाबद्दल नाहीये." मग आवाज खाली आणून, "आणि खरं सांगू? तुमच्याच नावाला कशाला उगाच?"

म्हटलं, थांब जरा, मीच कापून देतो.

पेपरात कात्री तळापासून चालते. चाळीस वर्षं हेच शिकलो, दुसऱ्यांनाही शिकवलं. शेवटचा परिच्छेद उचलून पहिला केला. खालचं छायाचित्रणाचं कौतुक गेलं. निखिलला वाईट वाटेल. ती फ्रेमही उतरवावी लागेल त्याला.

साडेतीनला कोपऱ्यावरच्या सायबर कॅफेतून पाठवलं. साडेपाच झाले, मृणालचा फोन नाही. छापेल, नाहीतर नाही छापणार.

तेव्हा जे विशी-पंचविशीत होते ते आज फार तर साठीला आलेले असतील. इथेच असतील, कोथरूडात, नाहीतर मुलांकडे परदेशात. थिएटर खच्चून भरलेलं होतं. तेवढं मी स्वतः पाहिलेलं आहे.