तोलाच्या वेळी एकच कार्ड

५ एप्रिल, शनिवार

नवी वही. ठराव: यंदा कुणाबद्दल वाईट लिहायचं नाही.

कार्डांच्या खेळाच्या दुकानात आज चौदा जण होते. मालक मोगी-साननी सांगितलं की प्रांताची निवड स्पर्धा पंधरा जूनला आहे आणि प्रत्येक दुकानानं एक पंच पाठवायचा आहे. पंचानं दंडावर बांधायची निळी पट्टी खेळाची कंपनीच देणार. मी म्हटलं, माझा दंड बारीक, पट्टीला एक टाका घालावा लागेल. ते म्हणाले, बघू. मोगी-सान संकोची आहेत, आनंद दाखवत नाहीत. अकरा वर्षं या दुकानात डावात वाद झाला की हात वर होतो आणि मी निवाडा करायला जाते. पोरं ‘असाबा-सेन्सेई’ म्हणतात. पगार नाही, पण मान आहे.

एक नवीन बाई आल्या. नुकागा-सान, वय त्रेसष्ट. रेल्वेत फलाटावर अडतीस वर्षं काढून निवृत्त. एका कार्डावरचा कोल्हा आवडला म्हणून खेळ शिकायचा आहे म्हणतात. कीव आली. त्यांना हाताशी धरायचं ठरवलं.

१२ एप्रिल, शनिवार

नुकागा-सानना लढाई समजावली. आधी हल्ला जाहीर करायचा. मग दोघांनीही हवी ती कार्डं टाकायची. दोघंही ‘नाही’ म्हणाले की तोलाची वेळ सुरू. तेव्हा फक्त ताकद वाढवणारी किंवा घटवणारी कार्डं चालतात, बाकीच्यांना दार बंद. मग ताकद मोजायची, कमी पडेल ते कार्ड बाद. आणि एका तोलाला प्रत्येकी एकच कार्ड.

त्या सगळं वहीत लिहून घेत होत्या. अक्षर नको इतकं चांगलं. मग त्यांनी विचारलं, हे ‘प्रत्येकी एकच’ नियमांच्या पुस्तकात कोणत्या पानावर आहे. मी म्हटलं, शेवटी शेवटी कुठेतरी.

मग खेळायला बसल्या तर गंमतच. फलाटावर गाडी सोडताना करतात तसं बोट रोखून मोठ्यानं म्हणतात, “हल्ला, ठीक. उत्तर नाही, ठीक. तोल, ठीक.” सगळे हसले. मीही हसले, पण प्रेमानं.

१९ एप्रिल, शनिवार

विद्यापीठातल्या ओइकावानं हात वर केला. मी उठले, तोवर नुकागा-सान त्याच्यापाशी. येऊन दोन आठवडे झालेली बाई! नंतर ओइकावाला सहज विचारलं. म्हणाला, त्या जवळ होत्या.

जवळ नव्हत्या. दुकान बंद होताना मोजलं. माझ्या खुर्चीपासून तीन पावलं, त्यांच्या खुर्चीपासून पाच.

मला काही वाटलं नाही. नोंद असावी म्हणून लिहिलं.

२६ एप्रिल, शनिवार

नुकागा-साननी घरून हिरवे मोची, तांदळाचे गोड गोळे, करून आणले. लाच द्यायची ही जुनी पद्धत. मी गोड खात नाही. तीन खाल्ले, नाहीतर त्यांना वाईट वाटलं असतं.

दुकानात आता सहा जण बोट रोखून खेळतात. मोगी-सान म्हणाले, हल्ली भांडणं कमी झाली. मी म्हटलं, मोसम बदलला की होतं तसं.

सकाळी भाताचा कुकर लावताना माझं बोट आपोआप वर गेलं आणि तोंडातून ‘पाणी, ठीक’ निघालं. हे पुन्हा होता कामा नये.

३ मे, शनिवार

सुट्ट्यांमुळे गर्दी. ओइकावा आणि ताबुची-सान यांचा डाव. ताबुची-सान बॉयलर दुरुस्त करतात, अडतीस वर्षांचे, शांत माणूस. त्यांनी हल्ला केला. ओइकावा ‘नाही’ म्हणाला आणि मग हल्ला करणारं कार्ड परत हातात पाठवणारं कार्ड काढलं. मी निकाल दिला: दोघांचं ‘नाही’ झालं, तोल सुरू झाला, दार बंद. बिनचूक निकाल.

नुकागा-सान मागून हळूच म्हणाल्या की ताबुची-सान मान हलवत होते, पण ‘नाही’ अजून म्हणाले नव्हते. ताबुची-साननी ते कबूल केलं. म्हणजे दार उघडंच होतं. ओइकावाचं कार्ड चाललं.

रेल्वेच्या लोकांची नजर चांगली असते हे मी मान्य करते. बुद्धी ही वेगळी गोष्ट. सगळ्यांसमोर त्यांचे आभार मानले. मान थोडी जास्त वाकवली, म्हणजे माझा चेहरा कुणाला दिसला नाही.

१० मे, शनिवार

नुकागा-साननी पुन्हा तेच काढलं. पुस्तक दोनदा वाचलं, ‘प्रत्येकी एकच’ कुठे सापडलं नाही. चष्म्याचा दोष असेल, जरा दाखवाल का? असं गोड बोलून माणसाला खिंडीत गाठायचं. सगळे कार्डांकडे बघत बसले. एकही जण माझ्या बाजूनं बोलला नाही. आदरापोटीच.

मी म्हटलं, कंपनीला लेखी विचारते. म्हणजे कायमचा निकाल लागेल.

११ मे, रविवार

मेल लिहिला. पाच वेळा खोडून नम्र केला. ‘आमच्याकडे एका नवख्या, वयस्कर खेळाडूचा गैरसमज झाला आहे, तरी आपण खुलासा करावा.’

तिचं नाव दिलं नाही. मन मोठं असलं की असं सुचतं.

२१ मे, बुधवार

मी कामाला आहे त्या दातांच्या दवाखान्यात, जेवणाच्या सुट्टीत उत्तर आलं. दोन ओळी. तोलाच्या वेळी दोघांनी आळीपाळीनं हवी तितकी कार्डं टाकावी. दोघंही ‘नाही’ म्हणेपर्यंत वेळ संपत नाही. संख्येचं बंधन नाही, पूर्वीही नव्हतं.

मेल लिहिणारा कर्मचारी नवीन असावा. ‘पूर्वीही नव्हतं’ असं कुणी लिहितं का? ते कुणी विचारलं होतं?

दाढ काढायला आलेल्या आजोबांना मी चुकून दोन वेळा आत पाठवलं.

आठवायचा प्रयत्न केला. पहिल्या वर्षी एक डाव पाऊण तास चालला होता. दोघंही थांबायला तयार नव्हते. मी म्हटलं होतं, पुरे, तोलाला प्रत्येकी एकच. त्या दिवसापुरतं म्हटलं होतं की कायमचं, आता सांगता येत नाही. तेव्हा सगळे किती लगेच ऐकायचे.

२४ मे, शनिवार

नुकागा-साननी विचारलं, कंपनीचं उत्तर आलं का. मी म्हटलं, मोठ्या कंपन्या फार वेळ लावतात.

त्या म्हणाल्या, हो ना, रेल्वेतही तसंच. आणि माझ्या पेल्यात बार्लीचा चहा ओतला. इतक्या सहज विश्वास ठेवणाऱ्या माणसाचा राग येतो.

ठराव: निवड स्पर्धा झाली की सांगायचं. पट्टी आधी, खुलासा मग. क्रम महत्त्वाचा असतो. या खेळाचं सारंच त्यावर उभं आहे.

३१ मे, शनिवार

पट्टी नुकागा-सानना मिळाली.

मोगी-सान मला बाजूला घेऊन म्हणाले, “असाबा-सान, तुम्ही अकरा वर्षं दमलात. यंदा जरा बसून बघा.” मी म्हटलं, मी हेच सुचवणार होते.

पट्टी त्यांना सैल झाली. टाका मी घातला. सुई माझ्याच पिशवीत होती, आणि सगळे बघत होते. टाका इतका चांगला घातला की आता निघायचा नाही. चूक झाली.

७ जून, शनिवार

गेले नाही. डोकं दुखत होतं. कुणाचा फोन आला नाही. फोन पुन्हा पुन्हा बघितला, चार्जिंग ठीक आहे का म्हणून.

१५ जून, रविवार, सकाळी

स्पर्धेत मला कामगिरी मिळाली आहे: दारात नावांच्या चिठ्ठ्या वाटणं. एका अर्थी हे पंचापेक्षा वरचं काम. प्रत्येक खेळाडू आधी माझ्याकडे येतो.

ताबुची-सान सातव्यांदा उतरताहेत. सहा वेळा पहिल्याच फेरीत हरले. ते दारातून आत जाताना मी म्हटलं, यंदा धीर धरा. ते फक्त वाकले.

१५ जून, संध्याकाळी

जे झालं ते क्रमानं लिहिते.

चिठ्ठ्या संपल्यावर मी ताबुची-सानच्या टेबलामागे उभी राहिले. पहिल्या फेरीतली शेवटची लढाई. तोलाची वेळ. समोरच्यानं ताकद वाढवणारं कार्ड टाकलं, ताबुची-साननी टाकलं. समोरच्यानं दुसरं टाकलं. ताबुची-सानच्या हातात दुसरं होतं, मला मागून दिसत होतं. अंगठा त्याच्यावर होता. कार्ड वर येईना. त्यांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं.

मला एवढंच करायचं होतं: होकारार्थी मान हलवायची. पण बघणाऱ्यांनी खेळाडूला खूण करायची नसते, हा खरा नियम आहे, तो पुस्तकात आहे. मी त्याच्या आड लपले. माझ्या पिशवीत त्या दोन ओळी छापून ठेवलेल्या होत्या. मी जमिनीकडे बघितलं.

मग त्यांनी हात वर केला. सवयीनं मी एक पाऊल पुढे झाले. आल्या त्या नुकागा-सान.

ताबुची-साननी विचारलं, “मी दुसरं टाकू शकतो का?”

नुकागा-साननी बोट रोखलं. “तोल चालू आहे, ठीक. कुणी अजून ‘नाही’ म्हटलेलं नाही, ठीक. टाका.” मग माझ्याकडे न बघता, सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाल्या, “आमच्या दुकानात प्रत्येकी एकच असतं. नवख्यांची दमछाक होऊ नये म्हणून असाबा-साननी घातलेला तो घरचा नियम. इथे लागू नाही.”

म्हणजे त्यांना केव्हाच कळलं होतं. खोटंसुद्धा माझ्यापेक्षा चांगलं बोलतात. पट्टी दिली, ओइकावा दिला, निदान लपवाछपवी तरी माझ्याकडे राहायला हवी होती.

ताबुची-सान जिंकले. सात वर्षांत पहिल्यांदा. दुसऱ्या फेरीत हरले, पण तोवर त्यांचे कान लाल झाले होते आणि ते लहान मुलासारखे हसत होते.

खुर्च्या मिटताना मी त्यांना गाठलं. म्हटलं, एक सांगायचंय, तो ‘प्रत्येकी एकच’ नियम खरं तर—

“माहीत आहे,” ते म्हणाले. “तिसऱ्या वर्षी पुस्तक वाचलं मी.”

मी विचारलं, आणखी कुणाला माहीत आहे? ते म्हणाले, “सगळ्यांनाच. तुम्ही इतक्या ठामपणे सांगायचात की कुणाला मोडवेना. आणि डाव लवकर संपायचे, मोगी-सानना बरं पडायचं.”

“मग इथे तरी टाकायचं होतं. सहा वर्षं?”

त्यांनी खुर्ची भिंतीला लावली. “तुम्ही दर वर्षी मागे उभ्या असायचात ना. हात उचलायचा नाही.” मग मला धक्क्यातून सावरावं म्हणून असेल, म्हणाले, “आज पंचांनी सांगितलं म्हणून टाकलं. तुमचा मान राहिला ना?”

मी म्हटलं, राहिला.

छापलेला कागद घरी आणला. तो आता कुणाला दाखवायचा?

१८ जून, बुधवार

ज्या बाईचा दोन महिने मत्सर केला, तिनं फक्त एक पान विचारलं होतं. बाकीच्यांनी अकरा वर्षं विचारलंच नव्हतं. कशाचं जास्त वाईट वाटायला हवं हे ठरवते आहे. ठरत नाही. मत्सर वगैरे शब्द मी वर उगीच वापरला. कीव म्हणायचं होतं.

२१ जून, शनिवार

गेले. मोगी-साननी विचारलं, आता कोणत्या नियमानं खेळायचं. मी म्हटलं, पुस्तकातल्या. अख्ख्या दुकानानं खांदे सैल सोडले, ते दिसलं.

पंच म्हणून बसायचं नव्हतं, म्हणून अकरा वर्षांनी खेळाडू म्हणून बसले. सोडतीत समोर नुकागा-सान आल्या. बरंच झालं. ठराव: नियम त्यांना येत असतील, खेळ मला येतो. हे आज सगळ्यांना दिसावं.

शेवटच्या लढाईत त्यांच्या कोल्ह्यावर हल्ला केला. दोघींचं ‘नाही’. तोल. मी एक कार्ड टाकलं, त्यांनी एक टाकलं. मग मी, आयुष्यात पहिल्यांदा, तोलाच्या वेळी दुसरं टाकलं. ताबुची-सान मागे उभे होते, त्यांनी श्वास रोखलेला ऐकू आला. नुकागा-सान मनापासून म्हणाल्या, छान टाकलंत. आणि त्यांनीही दुसरं टाकलं.

माझ्या हातात आता काही नव्हतं. तरीही मी दोघींची ताकद नेमकी मोजली. अजून मीच वर होते, शंभरानं. मी ‘नाही’ म्हटलं आणि त्यांच्या ‘नाही’ची वाट बघू लागले.

त्यांच्याकडे तिसरं होतं.