शेवटची वीतभर शिवण

माय, परवा टीव्हीवर सिनेमाच्या बक्षिसांचा सोहळा लागला होता आणि तुझ्या हाताखाली शिवण शिकलेली ती मुलगी त्यात स्टेजवर चढली. आपल्या शेजारची, मासळी विकणाऱ्या बाईची. आता मुलगी कसली म्हणा, केस पांढरे झालेत तिचे, आणि रंगवलेलेही नाहीत. तिला वेशभूषेचं बक्षीस मिळालं. ही आनंदाची बातमी तुला कळवावी म्हणून लिहायला बसले, असं लिहिणार होते. पण तुझ्याशी खोटं कशाला बोलू? मी जळले, माय. चांगली जळले. म्हणून लिहितेय.

असले कार्यक्रम मी एरवी बघत नाही. बक्षिसं कमी आणि जाहिराती जास्त. दोघं सूत्रसंचालक एकमेकांच्या पोटावरून आणि टकलावरून विनोद करत होते आणि समोर बसलेले नट कॅमेरा आपल्याकडे वळला की बरोबर हसत होते. ह्यांना मात्र हे सगळं मनापासून आवडतं. वेंगुर्ल्याच्या या घरात रविवारचा टीव्ही ह्यांचा, त्यात माझं चालत नाही. मी आपली कोळंबी सोलत बाजूला बसले होते आणि तुझ्यासारखीच बायकांच्या कपड्यांना नावं ठेवत होते. एकीच्या झग्याचा गळा असा ओढला होता की ती श्वास कसा घेत होती देव जाणे. दुसरीचा घेर एका बाजूला लोंबत होता. तू असतीस तर टीव्हीत हात घालून तिला उसवून काढली असतीस.

मग वेशभूषेचं बक्षीस जाहीर झालं आणि हे ओरडले, "गो, ह्यां मालवणचां चेडू मा? तुझ्या मायकडे येय तां?" मी मान वर केली. साधी सुती साडी, कानात काही नाही. कानामागून आली आणि तिखट झाली ती अशी. कोळंबीचा काटा बोटात घुसला ते मला नंतर कळलं.

तुला आठवतं का, मी शिलाई मशीनजवळ आले की तू काय करायचीस? पायडलवरचा पाय थांबवायचीस, चष्म्यावरून बघायचीस आणि म्हणायचीस, "पुस्तक घे आणि बस. ह्यां करून माझी पाट मोडली, तुझी मोडूक नको." चर्चमध्ये पोरींच्या पहिल्या कम्युनियनचे दिवस आले की त्यांच्या झग्यांसाठी घरभर पांढरं सॅटिन पसरलेलं असायचं, सावंतवाडीहून आणलेली लेस असायची, आणि मला त्याला हात लावायची बंदी. हात घामट असतात म्हणे. तिच्या हाताला तर मासळीचा वास यायचा. तिला तू साबण देऊन विहिरीवर पाठवायचीस आणि मग जवळ बसवून घ्यायचीस. मी खिडकीपाशी भूगोल पाठ करतेय, नद्या आणि त्यांच्या उपनद्या, आणि कान तुमच्याकडे. तू तिला म्हणतेस, "तुझो हात हलको आसा गो." हे वाक्य माझ्या वाट्याला कधी आलं नाही. मी परीक्षेत पहिली आले तेव्हा तू म्हणालीस, बरं झालं, आणि पाव आणायला पाठवलंस. मी शिकले, कचेरीत लागले, मोठी बाई झाले. तुझ्या मनासारखं झालं सगळं. आज माझ्या साडीचा फॉल सुटला तर बाजारात द्यावा लागतो.

तर सूत्रसंचालकाने तिला विचारलं, "असं ऐकलंय की तुम्ही शूटिंगच्या आधी नायिकेच्या पायाशी बसून स्वतः हेमिंग करता. हे खरं आहे?" ती हसली. म्हणाली, "हो. वीतभर मी मुद्दाम सोडते. माझ्या आंटीची पद्धत." मी कोळंबीचं ताट खाली ठेवलं. लग्नाच्या गाउनाची खालची वीतभर शिवण तू शिल्लक ठेवायचीस, नवरी गाउन घालून उभी राहिली की जमिनीवर बसून ती पुरी करायचीस, आणि ती होईपर्यंत नवरीने तोंडातून शब्द काढायचा नाही. आपल्या घरातली ही गोष्ट. आता ही बाई दिव्यांच्या झगमगाटात उभी राहून ती लोकांना सांगत होती आणि लोक टाळ्या वाजवत होते.

माझ्या लग्नाच्या दिवशी काय झालं ते तुला मी सांगायला नको. मागच्या खोलीत मी गाउन घालून उभी आहे. बाहेर गाड्या लागल्यात, पप्पा बोटीवरून खास रजा घेऊन आलेले, ते घड्याळ बघतायत. मी तुझी वाट बघतेय. आयुष्यात एकदा तरी तू माझ्यासाठी सुई हातात घेऊन माझ्यापाशी बसणार. आणि दारातून येते ती. खाली बसते, माझा घेर मांडीवर घेते आणि शिवायला लागते. मला विचारायचं होतं, माय खंय? पण बोलायचं नव्हतं ना. तुझाच नियम. शिवून झाल्यावर ती एवढंच म्हणाली, "आंटी कामात आसा." माझ्या लग्नाच्या दिवशी तुला माझ्याहून मोठं काम होतं, हे मी त्या दिवशी पदरात बांधून घेतलं आणि तू गेलीस तरी सोडलं नाही.

आणि परवा ती टीव्हीवर काय म्हणाली ऐक. "आंटीच्या मुलीचं लग्न होतं. आंटीने सुईत दोरा ओवायला घेतला आणि तिला तो दिसेचना. डोळे भरून वाहत होते. मला स्वयंपाकघरात बोलावलं, सुई दिली आणि म्हणाली, टाके तू घाल गो. माझ्यान होवचां नाय. आणि तिका सांगू नको. त्या दिवशी मी शिवणकाम शिकले, असं मी म्हणते." संगीत वाजायला लागलं, ती उतरून गेली, जाहिरात लागली. मला सांगू नको म्हणालीस, आणि तिने ते मला सोडून उभ्या महाराष्ट्राला सांगितलं. हे माझ्याकडे बघत राहिले. मी म्हटलं, कोळंबी करपेल, आणि आत गेले. कोळंबी अजून गॅसवर चढलीही नव्हती.

राग कसला आला सांगू? तू रडलीस याचा नाही. ते मला हवंच होतं. राग याचा की तुझं ते रडणं इतकी वर्षं तिच्याकडे होतं. माझ्यासाठीचं होतं ना ते? मग माझ्याकडे का नाही? तिला म्हणावंसं वाटलं, बक्षीस घे बाई, मुंबईत घर घे, गाडी घे. पण माझी आई माझ्यासाठी रडली तेही तूच बघायचं?

दोन दिवसांनी तिचा फोन आला. नंबर कुठून मिळवला कोण जाणे. "गो, वळाखलंस?" मी म्हटलं, होय. अभिनंदन केलं, कचेरीत करतो तसं. मग म्हणाली, "आंटीचो एखादो फोटो आसा काय गो? माका भिंतीर लावचो आसा." मी म्हटलं, "नाय गो. दमटान सगळे खराब झाले." खोटं. तुझा एक फोटो आहे, चर्चच्या पायऱ्यांवरचा, तू उन्हामुळे डोळे बारीक केलेयस तो. माझ्या कपाटात साड्यांखाली आहे. मला वाटलं ओळखलं हिने. तर म्हणाली, "तुझो आवाज पुराय आंटीसारखो झालो. बोल मा गो जरा, कायव बोल." इतकं सगळं मिळवलेली बाई, माय, आणि माझ्याकडे मागत होती. मी म्हटलं, गॅसवर दूध आहे, आणि फोन ठेवला.

हे पत्र काही तुला पोचायचं नाही, म्हणून शेवटचं सांगून टाकते. काल मीच तिला फोन केला. काम काही नव्हतं. बाजारात बांगडा काय भाव होता, ह्यांचा गुडघा कसा दुखतो, कोकमाच्या सोलांना यंदा ऊन नीट लागलं नाही, असलं काहीबाही सांगत बसले. ती मधे एक शब्द बोलली नाही, नुसती ऐकत होती. फोटोचा विषय मी काढला नाही आणि काढणारही नाही. पण खरं सांगते, मी मुद्दामच जरा तुझ्यासारखी बोलत होते.