गुरुलिंगची पुस्तकं भिजली

गुरुलिंग,

मी टँकरच्या रांगेत हाय. आल्या आल्या ओरडू नको, आधी हे वाच. सकाळी कपाटाजवळचा पाण्याचा ड्रम तडकला अन् तुझी जुन्या सुपरहिरोंची जाड पुठ्ठ्याची पुस्तकं भिजली. नोकरी लागल्यापासून तू एकेक जमवलेली, त्यातलं एकबी कोरडं राहिलं न्हाई. गच्चीवर वाळत घातलीत, पण पानं चिकटून बसलीत. ओढू नको, चित्रं फाटतात. मी एक फाडून बसले. ड्रम तिथं अव्वानं ठेवलेला. पुस्तकं भिजल्यापासून ती जेवली न्हाई. "लेकराला काय तोंड दाखवू," हेच म्हणत बसलीय. तिला रागावू नको.

फरशी पुसून पिळलेलं पाणी बादलीत हाय. ते सांडू नको, संडासला लागंल.

अक्का