मादी क्रमांक सात हिच्या मुक्कामाबाबत

प्रति,
मा. विभागीय अधिकारी,
वन्यजीव विभाग, मुख्य कार्यालय,
दुसरा मजला, पेंढा भरलेल्या हरणाच्या मुंडक्यासमोरचे दार.

विषय: आपल्या नोंदीनुसार अर्जदाराच्या घरात राहणाऱ्या बिबट्याच्या मादीबाबत खुलासा, आणि घळीतील खोदकाम ताबडतोब थांबवण्याची विनंती.

संदर्भ: क्वार्टर रिकामे करण्याबाबतचे आपले पत्र, जे आपल्या शिपायाने दार उघडे असतानाही दारालाच खिळ्याने ठोकले.

महोदय,

अर्जदार ही घळीच्या तोंडाशी असलेल्या सरकारी क्वार्टरमध्ये राहणाऱ्या वनरक्षकाची बायको आहे. घरात सासूबाई, शाळेत जाणारी मुलगी, एक शिवणयंत्र आणि थोड्या कोंबड्या आहेत. हा अर्ज खरे तर नवऱ्याने करायचा. परंतु सरकारी नोकराने अर्ज योग्य मार्गाने करायचा असतो, आणि त्याचे आधीचे सगळे अर्ज त्या योग्य मार्गावरच कुठेतरी विसावा घेत आहेत. अर्जदाराला सरकारी नोकरी नाही, त्यामुळे ती आडवाटेने येऊ शकते. पुढील हकिकत आपल्याला ठाऊक असेल असे तिला आजवर वाटत होते. आता तसे वाटत नाही, म्हणून ती पहिल्यापासून सांगत आहे.

१. आपल्या विभागाने घळीतल्या बिबट्याच्या मादीला बेशुद्ध करून तिच्या गळ्यात रेडिओ कॉलर बांधली आणि तिला मादी क्रमांक सात म्हणायचे ठरवले. ही कॉलर मादीचा ठावठिकाणा उपग्रहाला कळवते, उपग्रह आपल्या संगणकाला कळवतो, आणि पडद्यावर हिरवा ठिपका उमटतो. व्यवस्था उत्तम आहे. फक्त पट्टा सैल राहिला. मादीने काटेरी झुडपात मान घासली, कॉलर तिथेच लटकत ठेवली आणि ती आपल्या कामाला निघून गेली. नवऱ्याला गस्तीवर ती सापडली. महागाची सरकारी वस्तू, म्हणून त्याने ती रुमालात गुंडाळून जपून घरी आणली. या सगळ्या प्रकरणात त्याचा गुन्हा म्हणाल तर तो हा, की त्याने ती उचलली.

२. दुसऱ्या दिवशी तो कॉलर जमा करायला भांडारात गेला. भांडारपालांनी नोंद उघडून पाहिली आणि कॉलर घ्यायला साफ नकार दिला. नोंदीप्रमाणे ती मादीच्या गळ्यात आहे, आणि गळ्यात असलेली वस्तू कपाटात घेता येत नाही, असे त्यांचे म्हणणे. पशुवैद्यांनी ती काढल्याचा दाखला आणा, नाहीतर मादीच्या शवविच्छेदनाचा अहवाल आणा. आपोआप पडली, असा रकानाच त्यांच्याकडे नव्हता. नवऱ्याने फार गयावया केली तेव्हा भांडारपाल विरघळले आणि म्हणाले, की बरं, मादीला घेऊन या, मग बघू. नवरा कॉलर घेऊन परत आला आणि त्याने ती कपड्यांच्या कपाटात, सासूबाईंच्या शालीखाली ठेवली.

३. इथे एक बारीकशी अडचण आली. कॉलर बराच वेळ हलली नाही, तर प्राणी मेला असे समजून ती तसा संदेश पाठवते. त्यामुळे मादी क्रमांक सात अर्जदाराच्या कपाटात वारली. मुख्य कार्यालयात हाहाकार उडाला आणि ठिपक्याच्या जागी जाऊन प्रेत शोधण्याचा हुकूम त्या भागाच्या वनरक्षकाला, म्हणजे नवऱ्यालाच, फोनवर मिळाला. त्याने स्वयंपाकघरातून उठून चार पावले टाकली, कपाट उघडले, कॉलर हातात घेतली, आणि तिकडे मादी जिवंत झाली. खरे काय घडले ते त्याने त्याच दिवशी लिहून दिले. उत्तरात दोन कागद आले. एकात मादी सुखरूप असल्याबद्दल विभागाने आनंद व्यक्त केला होता, दुसऱ्यात तिच्यावर नीट लक्ष न ठेवल्याबद्दल नवऱ्याला ताकीद होती. कॉलर पडल्याचा त्याचा अहवाल चुकीचा ठरवण्यात आला, कारण संदेश तर नियमित येत आहेत. मग परिक्षेत्राच्या साहेबांनी त्याला बाजूला घेऊन सांगितले, की ती हलत राहील एवढं तू बघ, बाकी वरचं मी सांभाळतो. साहेबांनी वरचे काय सांभाळले ते वरच्यांनाच ठाऊक. नवरा मात्र तेव्हापासून कॉलर पिशवीत घालून हिंडतो.

४. त्यानंतर आपल्या विभागाने मादी क्रमांक सातच्या वागणुकीवर गुळगुळीत कागदाचे एक रंगीत पुस्तक काढले. माणसांशी जुळवून घेतलेली ही पहिलीच मादी, अशी तिची तारीफ त्यात आहे. अर्जदाराने हे पुस्तक शिवणयंत्रावरचे काम बाजूला सारून एका बैठकीत वाचले, आणि असे पुस्तक प्रत्येक बाईला आपापल्या नवऱ्यावर वाचायला मिळावे असे तिचे प्रामाणिक मत झाले. मादी दुपारच्या वेळी पुलाजवळच्या चहाच्या टपरीमागे दीर्घ विश्रांती घेते. मादी पावसात बाहेर पडणे टाळते. रविवारी संध्याकाळी मादी नदी ओलांडून एका विशिष्ट घरी जाते आणि तिथे बराच वेळ थांबते, यावरून तिथे भक्ष्य मुबलक असावे. ते घर अर्जदाराच्या नणंदेचे आहे. भक्ष्य मुबलक असते हे खरे आहे, नणंदेचा हात सढळ आहे. अर्जदाराला मात्र रविवारी जादा गस्त असते असे सांगण्यात येत होते. सासूबाईंना हा भाग वाचून दाखवला तेव्हा त्या एवढेच म्हणाल्या, "दुपारचा झोपतो म्हणून मी लग्नाआधीपासून सांगतेय. आता सरकारनं छापलं, म्हणजे खरं झालं."

या पुस्तकामुळे घरात जे काही झाले त्याची तक्रार अर्जदार करत नाही. तो खासगी मामला आहे आणि तो मिटला आहे.

५. तक्रार पुढच्या गोष्टीची आहे. पुस्तकात शेवटी असा निष्कर्ष आहे, की मादी रोज रात्री न चुकता क्वार्टर क्रमांक दोनमध्ये मुक्काम करते, सबब ते क्वार्टर तिचे निवासस्थान समजावे. त्यावरून आपले संदर्भातील पत्र निघाले. मादीला माणसांचा त्रास होऊ नये म्हणून वनरक्षकाची आई, बायको व मुलगी यांनी क्वार्टर खाली करावे. वनरक्षकाने मात्र देखरेखीसाठी मादीसोबत तिथेच राहावे. परक्या मादीसोबत नवऱ्याला एकटे सोडून बायकोने निघून जावे, असा लेखी आदेश बहुधा प्रथमच निघाला असेल. तरी अर्जदाराने बोचके बांधायला घेतले होते, कारण सरकारी घर सरकारचे असते, आणि रडून ते आपले होत नाही.

६. परंतु त्याच पुस्तकात आणखी एक ओळ आहे, आणि बोचके तिथे सुटले. मादी क्रमांक सात घळ कायमची सोडून गेली आहे, तिला पिल्ले नाहीत, सबब घळ वन्यप्राण्यांच्या दृष्टीने रिकामी आहे. या ओळीवर दगड काढण्याचा परवाना दिला गेला. काल घळीच्या तोंडाशी पिवळी यंत्रे येऊन उभी राहिली.

महोदय, घळ रिकामी नाही. जिच्या गळ्यातून ती कॉलर पडली, ती तिथेच आहे. सासूबाई तिला थोरली म्हणतात, कारण आम्ही या क्वार्टरमध्ये आलो त्याच्या आधीपासून ती इथे नांदते आहे. ती दिवेलागणीनंतर आमच्या कपडे धुण्याच्या दगडामागून जाते. त्या वेळी आम्ही मागचे दार लावून घेतो, आणि ती आमच्या कोंबड्यांकडे बघत नाही. कुणी कुणाला काही लिहून दिलेले नाही, तरी हे इतकी वर्षे चालले आहे. गेल्या महिन्यात तिच्यामागून दोन पिल्ले गेली. दुसऱ्याला अजून सरळ चालता येत नाही, ते वाटेत बसून राहते आणि तिला मागे वळून यावे लागते. अर्जदाराच्या मुलीने हे खिडकीतून पाहिले आणि ती रात्री जेवताना दुसरे काही बोललीच नाही, इतकी ती खूश होती.

यंत्रे आत शिरली की थोरली पिल्लांना घेऊन बाहेर पडेल. घळीला बाहेर पडायला एकच तोंड आहे आणि ते आमच्या अंगणात उघडते. मग कुणीतरी ओरडेल, कुणीतरी दगड मारेल, ती कुणावर तरी धावून जाईल, आणि मग तिला गोळी घालण्याचा कागद निघेल. तो कागद मात्र योग्य मार्गावर विसावा घेणार नाही. अर्जदाराला या गोष्टीची भीती वाटते आणि ती लपवण्याचे तिला काही कारण दिसत नाही.

७. हे सांगायला नवरा काल आपल्या कार्यालयात आला होता. त्याने तिथली हकिकत घरी येऊन जशीच्या तशी सांगितली, म्हणून ती इथे देत आहे. आपण त्याचे ऐकून घेतले, संगणक त्याच्याकडे फिरवला आणि म्हणालात, की घळीत काही नाही, हा ठिपका बघ. त्याने बघितला. ठिपका घळीत नव्हता. ठिपका क्वार्टरमध्येही नव्हता. तो मुख्य कार्यालयाच्या दुसऱ्या मजल्यावर होता. तेव्हा आपण पाय खुर्चीवर घेतलेत, शिपायाला जिन्याचे दार लावायला सांगितलेत, आणि बराच वेळ टेबलाखाली बघत राहिलात. कॉलर नवऱ्याच्या पिशवीत, आपल्याच टेबलावर होती. त्याने ती काढून आपल्यासमोर ठेवली.

आता तरी उजेड पडेल असे त्याला वाटले. आपण कॉलर पाहिलीत, तिच्यावरचा सात आकडा पाहिलात, आणि सरकारी उपकरण मादीच्या गळ्यातून काढून आणल्याबद्दल त्याला फैलावर घेतलेत. नंतर आपण जो आदेश दिलात तो असा: "जिथून आणलीस तिथे नेऊन घाल. आत्ताच्या आत्ता."

८. या तोंडी आदेशाचे पालन करण्यात आले आहे, हे कळवण्यासाठीच मुख्यतः हा अर्ज आहे.

कॉलर जिथून आणली तिथे, म्हणजे घळीत, आज सकाळी नेण्यात आली. पण जमिनीवर ठेवली तर मादी पुन्हा मरेल, आणि झुडपाला लटकवली तर नवऱ्याला पुन्हा ताकीद मिळेल. सबब अर्जदाराने ती स्वतःच्या गळ्यात घातली. पट्टा तिलाही सैलच झाला. शिवणकाम येत असल्याने तिने दोन टाके घालून तो बरोबर करून घेतला. विभागाला हे काम पुढे लागल्यास ती करून देईल. थोरलीला त्रास नको म्हणून अर्जदार तिच्या कपारीपासून पुष्कळ अलीकडे, यंत्राच्या तोंडासमोर, डबा आणि शिवण घेऊन बसली आहे.

मुकादम सकाळी आला तेव्हा त्याने अर्जदाराला उठायला सांगितले. ती म्हणाली, आधी मोबाइल बघा. आपल्या परवान्यातच अशी अट आहे, की मादी क्रमांक सात जवळपास असेल तर यंत्र सुरू करायचे नाही, आणि ठिपका बघण्याची सोय मुकादमाच्या मोबाइलवर करून दिलेली आहे. त्याने मोबाइल बघितला. मग तो यंत्राच्या टपावर चढून बसला. चालकाने काचा लावून घेतल्या. मादी कुठे आहे असे त्यांनी वरून विचारले, तेव्हा अर्जदाराने खरे तेच सांगितले, की इथेच आहे, आणि सुईत दोरा ओवायला घेतला. त्यानंतर काम बंद आहे.

दिवस मावळल्यावर नवरा येऊन बसेल आणि कॉलर त्याच्या गळ्यात जाईल. त्याची गस्त आता खरोखरच होईल, ही विभागाच्या दृष्टीने जमेची बाजू समजावी.

९. तरी विनंती अशी, की घळीतल्या वाटेवर कॅमेरा लावून तिथे कोण राहते ते एकदा डोळ्यांनी पाहावे, आणि तोवर यंत्रे परत बोलवावीत. मादी क्रमांक सात आता क्वार्टरमध्ये राहत नसल्याने अर्जदाराच्या सासूबाई आणि मुलीला तिथे राहू द्यावे. हा अर्ज सासूबाई घेऊन येत आहेत. त्यांना बसायला खुर्ची द्यावी. पोच हातात पडल्याशिवाय त्या उठत नाहीत.

शेवटी एकच. ठिपका खोदकामाच्या जागी आल्याने मादीला हलवण्यासाठी आपण बेशुद्ध करणारी तुकडी पाठवाल, असे नवऱ्याचे म्हणणे आहे. बंदूक रोखण्याआधी त्यांनी फक्त एक हाक मारावी. अर्जदार मागे वळून बघेल, आणि काय ते बोलून घेता येईल. थोरलीला हाक मारून चालणार नाही. तिला वळून बघावे लागते ते मागे राहिलेल्या पिल्लासाठी.

आपली, तोंडी आदेशाप्रमाणे आज्ञाधारक,

(सही)
वनरक्षकाची बायको, क्वार्टर क्रमांक दोन.
आपल्या नोंदीप्रमाणे: मादी क्रमांक सात.

ठिकाण: घळीचे तोंड, यंत्रासमोर.
दिनांक: यंत्रे आली त्याच्या दुसऱ्या दिवशी.

सोबत: दाराला ठोकलेला खिळा, वाकलेल्या अवस्थेत, परत. कॉलर जोडलेली नाही. ती वापरात आहे.