बिनमिठाचा जावई

तीर्थरूप सासूबाई,

जावयाचा साष्टांग नमस्कार. (गुडघ्यांमुळे हल्ली प्रत्यक्षात निम्माच जमतो, पत्रातला पूर्ण धरावा.) तुमची तब्येत ठीक असेल, कानही आहेत तसेच असतील. कानांचा विषय मुद्दाम काढला, कारण हे सगळं फोनवर सांगायचं तर मला ओरडावं लागलं असतं, आणि आमच्या भिंती इतक्या पातळ आहेत की शेजारचे गृहस्थ मधूनच हुंकार देतात. म्हणून पत्र. तुमची लेक मजेत आहे. इतकी मजेत आहे की मला काळजी वाटायला लागली आहे.

तर बातमी अशी, की तीन महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी माझं मीठ तोडलं. रक्तदाब वाढला म्हणे. कमी करा असं नाही, सरळ बंद. मी त्यांना नम्रपणे सांगितलं, की मी कुलपांच्या कारखान्यात तीनशे चाळीस माणसांचा आचारी आहे, चाखणं हाच माझा धंदा आहे. दिवसातून किती वेळा चाखता, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, सहा पातेली, दर पातेल्याला दहा-बारा वेळा. (शेवटच्या दोन वेळा निव्वळ आवडीने असतात, ते सांगितलं नाही.) डॉक्टरांनी चष्मा काढला, माझ्या पोटाकडे पाहिलं आणि चाखणंही बंद केलं. आता तुम्हीच सांगा, बावीस वर्षं मालकाच्या मिठाला जागलो, ते मीठच गेल्यावर माणसाने जागायचं कशासाठी?

चाखायला कोणीतरी हवंच होतं, म्हणून मी आमच्या भांडारपालाला नेमलं. माणूस सज्जन, पण तीस वर्षांच्या तंबाखूने त्याची जीभ चपलेच्या तळव्यासारखी झालेली आहे, हे माझ्या ध्यानात आलं नाही. पहिल्याच दिवशी तो "अजून थोडं, अजून थोडं" म्हणत गेला आणि मी मीठ टाकत गेलो. दुपारी तीनपर्यंत कारखान्याची पाण्याची टाकी रिकामी झाली. पॉलिश खात्यातली माणसं मशिनं सोडून नळाशी रांगेत उभी होती, आणि व्यवस्थापकसाहेब माझ्याशी बोलायला आले ते हातात तांब्या घेऊनच. तेव्हापासून पॅकिंग खात्यातल्या एक बाई चाखायला येतात. त्यांची जीभ चांगली आहे, फक्त ती चाखून झाल्यावरही थांबत नाही.

पण माझ्या स्वतःच्या जेवणाचं काय? तुम्हाला ठाऊकच आहे, आमच्याकडे घरी चूल म्हणून पेटत नसे. मी संध्याकाळी कँटीनमधून डबा आणायचा आणि दोघांनी खायचा, असं एकवीस वर्षं चाललं. मी आपला समजून होतो की तुमच्या लेकीला स्वयंपाकाची आवड नाही. (आणि येत नाही. हेही समजून होतो, लिहितोच आता.) डॉक्टरांचा कागद तिने वाचला आणि घडी करून ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या हातात एक डबा दिला आणि कामाला निघून गेली.

दुपारी तो डबा मी भांडारात, तांदळाच्या पोत्यांमागे बसून उघडला. एवढा मोठा आचारी आणि बायकोने दिलेला अळणी भोपळा खातोय, हे कोणी पाहायला नको होतं. भोपळा कडांना काळा पडेपर्यंत भाजलेला, वर लिंबू, मिरी आणि खरपूस तीळ. मी एक घास घेतला आणि सासूबाई, मला राग आला. इतकं चांगलं लागत होतं. मीठ नसूनही मला मीठ आठवलं नाही. ही असं करूच शकत नाही, हे विकत आणलेलं आहे, अशी माझी खात्री पटली. घरी जाऊन मी केराचा डबा उपसला, खानावळीचा कागद सापडेल म्हणून. भोपळ्याची सालं निघाली. नेमकी तेव्हाच ती आली, आणि नवरा केरात कोपरापर्यंत हात घालून बसलेला पाहून एवढंच म्हणाली, "भूक लागली असेल तर आत भात आहे."

मग मी पाळत ठेवली. ती कोबीसुद्धा तेलाशिवाय नुसत्या तव्यावर भाजते, कडा जळेपर्यंत. अशा जळक्या कडांसाठी मी माझ्या मदतनिसांना बावीस वर्षं शिव्या घातल्या आहेत. गेल्या पंधरवड्यात मी गुपचूप तोच प्रकार कँटीनमध्ये केला. (मीठ घालून, पॅकिंगच्या बाईंच्या देखरेखीखाली.) तीनशे चाळीस माणसं ताटं पुसून गेली. जाताना पॉलिश खात्याचा मुकादम माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "आचारी बदलला वाटतं. बरं झालं." गाढवाला गुळाची चव काय, असं म्हणून मी ते सोडून दिलं. नंतर लक्षात आलं की त्याला चव बरोबर कळली होती.

आता जरा अवघड भाग. लग्नानंतर पाचव्या दिवशी तिने असाच कोबी केला होता. माझे चार मित्र जेवायला होते. मी एक घास खाल्ला, उठलो, कँटीनचं पातेलं आणून मध्ये ठेवलं आणि म्हणालो, "पोटात काहीतरी जायला हवं ना." मित्र हसले. तीही हसली. मग तिने झारा धुतला, खिळ्याला अडकवला, आणि पुन्हा हातात धरला तो डॉक्टरांनी सांगितल्यावर. मला हे आठवतसुद्धा नव्हतं. परवा जेवताना एकाएकी आठवलं आणि हातातला घास मी परत ताटात ठेवला.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्यांना तेल लावत जा.

आपला,
जावई

ता. क. डॉक्टरांनी पुन्हा तपासलं. दाब उतरला, रक्ताचा रिपोर्टही उत्तम, आता बेताने मीठ चालेल म्हणाले. याला आठ दिवस झाले. रिपोर्ट मी कँटीनमध्ये वाटाण्यांच्या पोत्यात लपवला आहे, कारण ती पहिल्याच दिवशी म्हणाली होती, "बरे होईपर्यंत करीन." तिचा फोन आला तर कृपा करून एवढंच सांगा, की असले आजार बरे व्हायला दोन-तीन वर्षं लागतात. तुमच्या वयाच्या माणसाचं कोणी खोडून काढत नाही.

ता. क. २. त्या कोबीबद्दल माझ्या वतीने तुम्हीच माफी मागाल का? मी दोनदा तोंड उघडलं. दोन्ही वेळा तिने त्यात वाढलं.

आई, खालचं अक्षर माझं आहे. पाकिटावर तुझा पत्ता घालायला ह्यांनी ते माझ्याच हातात दिलं. एकवीस वर्षांत सासुरवाडीचा पत्ता पाठ नाही. लॅबवाले रिपोर्ट माझ्या फोनवर पाठवतात, त्यामुळे मला तो ह्यांच्या आधी कळला होता. तरीही त्या संध्याकाळी मी भाजी चिरायला घेतली, हे काही ह्यांच्या डोक्यात शिरलेलं नाही. दोन-तीन वर्षं म्हण, काही हरकत नाही. माफी मात्र तू मागू नकोस. मी रोज ह्यांच्या समोरच जेवायला बसते.