सेवेरिनची दुसरी सुनावणी

तार्नूव, १४ मार्च

प्रिय यादविगाताई,

तुझा गुडघा काय म्हणतो? इकडे थंडी ओसरली. सेवेरिन दोन्ही वेळा पोटभर जेवतो. दर ओळीला मान वर करून त्याच्याकडे बघते आहे, म्हणून अक्षर असं.

तुझ्यावर खूप रागावले होते, हे आधी सांगून टाकते. ट्रकने उडवल्यापासून त्याला व्यवहारातलं काही समजत नाही. मला त्याची पालक नेमा, भरपाईचा दावा त्याच्या वतीने लढू द्या, एवढंच मी कोर्टाकडे मागत होते. आणि तू विमा कंपनीच्या वकिलाला लिहून दिलंस, 'भाऊ फोनवर अगदी शहाण्यासारखा बोलतो.' अगं, दर रविवारी तीच तीन वाक्यं बोलतो तो! तुझ्या जागी दूधवाला असता तरी तीच बोलला असता.

पण तुझ्या एकटीवर खापर कसं फोडू? पहिल्या सुनावणीला त्याने न्यायाधीशबाईंपुढे वाकून त्यांच्या हाताचं चुंबन घेतलं. "येताना त्रास नाही ना झाला?" असंही विचारलं. कंपनीचा वकील हसून म्हणाला, "असा वेडा मला जावई म्हणून चालेल!" त्याआधी कंपनीचा माणूस तडजोडीचा कागद घेऊन घरी आला होता, तेव्हा पाहुण्याला नाही कसं म्हणायचं म्हणून, मी अडवायच्या आत सेवेरिनने सही ठोकली. ती सही टिकली असती तर दावा तिथेच संपला असता. माझ्यामागे त्याला कोण बघणार होतं, ताई?

म्हणून दुसऱ्या सुनावणीला मी जे केलं, ते तुला सांगायलाच हवं. मी त्याला सोडून खोलीबाहेर जात नाही, भाजीसुद्धा शेजारीण आणते. का, ते दोन वर्षं कोणाला कळू दिलं नाही. त्या दिवशी न्यायाधीशबाईंना म्हटलं, "पाच मिनिटं बाहेर जाऊ द्या." परत आले. सेवेरिन उठला, कोटाची गुंडी लावली, माझा हात ओठांना लावला.

"बाईसाहेब, आपली ओळख नाही झाली. मी सेवेरिन."

कोणी हसलं नाही. मीच त्याला चारचौघांत उघडं पाडलं. लाज वाटली, अजून वाटते.

काल निकाल लागला. मी पालक झाले. ती सही आता टिकणार नाही, दावा पुढे चालेल, असं आमचा वकील म्हणतो. निकाल ऐकून बाहेर आले, तर बाकावरून सेवेरिनने अदबीने विचारलं, "तुमच्या यजमानांचं काम झालं का?"

"झालं."

"नशीबवान आहेत ते."

अजूनही तुझी भावजय,
इर्मिना